तो आवाज शॉकअपच्या आतला होता

बाबा, तुझ्या गाडीचा आवाज गेला. काल दुपारी मी ती बोर्लीच्या बाजारातून दिवेआगरच्या वाळूपर्यंत नेली आणि परत आणली. वाटेतले सगळे खड्डे मुद्दाम घेतले, गतिरोधकावर पुढचा ब्रेक कचकन दाबला, वाळूच्या उंचवट्यावरून पुढचं चाक उचलून आपटलं. एकदाही टक झालं नाही. आता नीट ऐक, कारण हे तुला तोंडावर सांगायचं माझं राहून गेलंय. तो आवाज हँडलखालच्या कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याचा, नव्हता, शॉकअपच्या आतला होता. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी भांडण सोड, असं आई असती तर म्हणाली असती. पण मी भांडण सोडायला लिहीत नाही. मी जिंकले, म्हणून लिहितेय.

गाडी तू विसरला नसशील. आम्हा दोघां भावंडांना एखाद वेळी विसरला असशील, पण गाडीला नाही. आपल्या थळला कारखाना उभा राहत होता तेव्हा कुणी परदेशी इंजिनिअर ती हौसेनं सोबत घेऊन आला होता आणि जाताना तुझ्याकडे टाकून गेला. उंच, काटकुळी, माती-दगडांवरून उड्या मारायला बनवलेली गाडी. मागे माणूस बसवायचा तर त्यानं देवाचं नाव घेऊनच बसावं. तू बोटीच्या इंजिनांचा मिस्त्री. ओहोटीला कुणाची बोट लांब वाळूत बंद पडून बसली की बाकीच्यांच्या मोटारसायकली डांबर संपतं तिथंच थांबायच्या, आणि तू हत्यारांची पेटी टाकीवर बांधून ओल्या वाळूतून, गुडघ्याएवढ्या पाण्यातून थेट बोटीपाशी जायचास. घरी आलास की विहिरीच्या दोन बादल्या गाडीवर ओतायचास, की झालं. त्या फटफटाटातही पुढचा आवाज वेगळा कळायचा, ब्रेक दाबला की टक, सोडला की टक. तुझा इलाज ठरलेला होता. मोठा पाना घ्यायचा आणि हँडलच्या मधला तो नट आवळायचा. आवळून आवळून हँडल इतकं जड झालं होतं की वळणावर हँडलच्या आधी तुझे खांदे वळायचे. तरी आवाज होताच.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. मी कॉलेजातून आलेय, दप्तर तसंच खांद्याला आहे, वर्कशॉपच्या दारात बोटी चालवणारे दोन तांडेल चहा पीत बसलेत. तू गाडी पुढे-मागे हलवून बघतोयस, आणि मी सहज खाली बसून पुढच्या नळीवर, जिथं वरचा चकचकीत पाइप खालच्या जाड नळकांड्यात शिरतो तिथं, बोट ठेवलंय. बोटाला ठोका लागतो. अगदी स्पष्ट, मनगटाची नाडी लागते तसा. मी म्हणते, "बाबा, वरचा नाय आवाज. शॉकअपच्या आतला हाय. आतला बुश खाल्लाय, पाइप धरनारी कडी झिजलीय." तांडेल हसले, एवढंच झालं. ते हसले नसते तर तू कदाचित बोट लावून बघितलं असतंस. पण ते हसले, आणि तू पाना खाली टाकलास. "मना शिकवतेस? बारा बोटींचे इंजिन माझ्या हातखाली चालतात. तुला काय कलतं त्यातला? जा, आयला मदत कर. उद्यापासून हितं दिसू नको." मी उठले. तोपर्यंत मी तुझ्या हाताखाली निम्मी इंजिनं धुतली होती, नट-बोल्ट मापानं लावून ठेवले होते, कुठल्या बोटीचा पंप कधी रुसतो हे तुझ्याआधी मला ठाऊक असायचं. त्यातलं काहीही त्या दिवशी मोजलं गेलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात. रागानं भाकरी थापत होते, त्यामुळे त्या बिघडत होत्या, आणि आई बिघडलेल्या भाकऱ्या बाजूला ठेवत होती. त्याच आठवड्यातली गोष्ट. तू भर सकाळी मागच्या दारानं आत आलास, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आईची मासळीची पेटी उघडलीस, बर्फात मूठभर मीठ टाकलंस आणि फडक्यातलं ते आत खुपसलंस. थोड्या वेळानं आईनं कालवणासाठी पापलेट काढायला हात घातला आणि तिच्या हाताला दोन पिवळ्या कड्या लागल्या. "पापलेटात पितल कुनी ठेवला रं?" तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "बोटीचे हायत. गार केले की आकसतात, मंग बसवायला बरा." ते मला माहीत होतंच, बुश गार करून आणि ते ज्यात बसतं ते धातूचं घर गरम करून बसवायचं, ही तुझीच रीत. मी काही विचारलं नाही, कारण मी तेव्हा तुझ्याशी बोलत नव्हते. तू कड्या उचलल्यास, त्यांना लागलेलं खवलं लुंगीला पुसलंस आणि गेलास. त्या दिवशीच्या कालवणाला लोखंडाचा वास येतोय असं आई दोन दिवस म्हणत होती. पितळेला लोखंडाचा वास कसा येईल, पण तिला कोण सांगणार.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा टक टक करत बंदरावर गेली. तू पुन्हा मोठा पाना काढलास. मी मनात म्हटलं, आवळ बाबा, आवळ.

माझं लग्न ठरलं तेव्हा तू मला शिलाई मशीन दिलंस. सगळ्यांसमोर म्हणालास, "हिच्या हाताला काम लागतं." लोकांना वाटलं किती कौतुक. मला मात्र बरोबर समजलं, इंजिनाऐवजी शिलाई. बोर्लीला सासरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी ते मशीन पूर्ण खोललं आणि ओसरीवर सगळे भाग ओळीनं मांडले. सासूबाई बघतच राहिल्या. नवरा म्हणाला, "लावता येल न्हवं परत?" मी लावलं. मग त्याची मोपेड खोलली, मग शेजाऱ्यांच्या गाड्या येऊ लागल्या, आणि होता होता बाजाराच्या तोंडाशी माझं गॅरेज झालं. वादळानं पत्रे उडवले तेव्हा नवरा आणि मी ते सुपारीच्या वाड्यांतून शोधून आणले आणि तेच पुन्हा ठोकले. आजही नवा माणूस गाडी घेऊन आला की आधी माझ्या पाठीमागे बघतो, मिस्त्री कुठाय म्हणून. मग विचारतो, बाई, कुणाकडे शिकलात? मी सांगते, कुणाकडे नाही. हे उत्तर मला फार आवडायचं, बाबा. देताना मी तुझ्याकडे बघून देतेय असं वाटायचं.

तू गेलास तेव्हा गाडी वर्कशॉपच्या मागच्या पडवीत उभी होती, ती तशीच राहिली. भावानं गेल्या पावसाळ्यानंतर वर्कशॉप पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायला घेतल्या. मी त्याला नावं ठेवत नाही, त्याला इंजिनाच्या वासानं लहानपणापासून मळमळायचं. त्यानं फोन केला, "ती बाबाची गाडी भंगारात देऊ काय?" मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, "नेऊन काय करशील? तो आवाज गाडीच्या जन्माचा हाय, जायाचा नाय. बाबाच बोलायचा." झालं, तिथंच माझं डोकं फिरलं. म्हणजे तुझा शब्द अजून थळात चालतोय आणि माझा अजून भाकऱ्यांपाशी बसलाय. टेम्पो केला, गाडी घेतली, आगरदांड्याला फेरीबोटीवर चढवली. टेम्पो बोटीच्या लोखंडी फळीवरून चढताना मागून ओळखीचा आवाज आला, टक. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, काय तरी सुटलंय वाटतं." मी म्हटलं, काही सुटलेलं नाही, ती तशीच बोलते.

गॅरेजात आणल्यावर मी लगेच काही खोललं नाही. तू हेच शिकवायचास म्हणून नाही. मला घाई करून चुकायचं नव्हतं. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, पुढचं चाक अधांतरी केलं. आधी तुझा नट ढिला केला. हँडल मोकळं झाल्याबरोबर गाडीनं सुस्कारा सोडल्यासारखं वाटलं. नवऱ्याला खाली बसवलं, त्यानं नळ्यांची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढली आणि मी वर, हँडलच्या सांध्यावर बोट ठेवलं. तिथं काही नाही. सांधा एकदम शांत. म्हणजे इतकी वर्षं तू निर्दोष माणसाला फटके मारत होतास. मग बोट खाली आणलं, पाइप जिथं नळकांड्यात शिरतो तिथं. उजवीकडे काही लागलं नाही. डावीकडे लागलं. तोच ठोका, नाडीसारखा. मी नवऱ्याला म्हटलं, पुन्हा हलवा. पुन्हा लागला. "आता बास की," तो म्हणाला, पण मी त्याला अजून कितीतरी वेळ हलवायला लावलं. उगाचच. मला बरं वाटत होतं.

खालचा स्क्रू काढून तेल सोडलं तर तेल म्हणून जे आलं ते राखाडी चिखल होतं, वाळूसकट, आणि खाऱ्या पाण्याचा कुबट वास. तुझ्या दोन बादल्या आतपर्यंत पोचत नव्हत्या, बाबा. स्प्रिंगा मात्र ठीक होत्या. पुढे जरा अडलं. तळाचा बोल्ट फिरवला की आतली दांडी त्याच्याबरोबर गरगर फिरते, सुटत नाही, आणि ती धरायचं खास हत्यार माझ्याकडे नाही. मी सुपारीची एक चांगली वाळलेली काठी घेतली, टोकाला निमुळती तासली, पाइपातून आत घालून दांडीच्या तोंडात घट्ट ठोकली आणि नवऱ्याला तिच्यावर भार द्यायला लावलं. बोल्ट सुटला. हे मला कुणी शिकवलेलं नाही, हेही तुला कळावं म्हणून लिहितेय. मग पाइप ओढून काढला आणि बॅटरी घेऊन डाव्या नळकांड्यात बघितलं.

आत कंपनीचं बुश नव्हतं. जाड गनमेटलचं, लेथवर केलेलं बुश होतं, आणि त्याच्या पोटात कानशीनं पाडलेली तेलाची तिरकी खाच. ती खाच मी कुठंही ओळखेन. सगळे मिस्त्री सरळ पाडतात, तू एकटाच तिरकी पाडायचास आणि शेवटाला जरा वाकवायचास. मी बॅटरी विझवली, पुन्हा लावली, पुन्हा बघितलं. मग खुर्चीवर बसले. पापलेटाच्या पेटीतल्या त्या दोन पिवळ्या कड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. बोटीच्या शाफ्टला मनगटाएवढं जाड बुश लागतं. त्या कड्या केवढ्याशा होत्या. मी रोज बोटीची बुशं बघणारी मुलगी, मला ते तेव्हाच दिसायला हवं होतं, पण मी रुसले होते ना.

म्हणजे तू माझं ऐकलंस. मला तांडेलांसमोर हाकललंस, आणि त्याच आठवड्यात मी नसताना शॉकअप खोललास, मी सांगितलेलंच निघालं म्हणून नवी बुशं केलीस, आणि ती माझ्याच पुढ्यात बर्फात ठेवून बोटीची आहेत म्हणून सांगितलंस. मी हात पिठाचे करून तिथं उभी होते, बाबा. एक शब्द पुरला असता. "बरोबर होतीस" एवढं लांब वाक्यसुद्धा नको होतं, नुसतं "बघू ये" म्हणाला असतास तरी मी भाकरी टाकून धावत आले असते. लोक म्हणतील, बापानं मनातल्या मनात मानलं की, त्यातच काय ते समज. नवरा हेच म्हणाला. मी त्याला सांगितलं, मनातलं मानणं माझ्या काही कामाचं नव्हतं. मला वर्कशॉप हवं होतं. आठवडाभर बाहेर बसवून मग परत बोलावलं असतंस तरी चाललं असतं. तू मला परत कधीच बोलावलं नाहीस. डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही, पण ते रागाचं होतं, आणि ते राग म्हणूनच मोजावं अशी माझी इच्छा आहे.

आणि एवढं करूनही आवाज का गेला नाही, तेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. पाइप पुन्हा त्या बुशात घालून बघितला तर चांगला खडखडत होता. झिजून नाही, खाच अजून नव्यासारखी धारदार होती. ते मुळातच ढिलं कापलेलं होतं. मला एकदम तुझा आवाज ऐकू आला, बोटीवाल्यांना सांगतानाचा, "शाफ्टला पानी प्यायला जागा ठेव, नायतर जळंल." बोटीच्या पंख्याचा शाफ्ट समुद्राच्या पाण्यातच फिरतो, त्याला जागा लागतेच. तू तीच जागा गाडीच्या बुशात ठेवलीस. ही चूक आपल्या किनाऱ्यावरचाच माणूस करणार, पुण्याच्या मिस्त्रीला सुचायचीसुद्धा नाही. पण बाबा, शॉकअप पाणी पीत नाही. त्याला तेलाचा पातळ थर पुरतो, बाकी त्यानं पाइपाला मिठी मारून बसायचं असतं. हे मला ठाऊक होतं, तुला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला मी घरात होते. चार पावलांवर.

मी पाइप घेऊन श्रीवर्धनच्या लेथवाल्याकडे गेले आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून दोन बुशं करून घेतली, अगदी पाइपाच्या मापाची. तो वैतागला होता, पण त्यानं केली. तुझं डावं बुश ठोकून काढलं. नवं बुश बर्फात गार केलं, मासळीच्याच, कारण इथं दुसरा बर्फ कुठं मिळतो. नळकांडं उन्हात आणि मग स्टोव्हवर गरम केलं, आणि बुश एका ठोक्यात जागेवर गेलं. पाइपावरचे गंजाचे खड्डे बारीक कागदानं घासले, नवी सीलं टाकली, दोन्हीकडे सारखं तेल भरलं. हँडलचा नट हातानं फिरेल इतपतच आवळला. मग काल दुपारी तो फेरा मारला.

परत आल्यावर मी भावाला फोन लावला, गाडी चालू ठेवून. ब्रेक दाबून पुढे-मागे केली. "ऐक," मी म्हटलं, "काय ऐकू येतंय?" तो म्हणाला, "इंजिन." "अजून?" "अजून काय नाय." मी म्हटलं, तेच. तो म्हणाला, "बाबाला कला नाय म्हनजे." मी म्हटलं, कळलं होतं. कळलं होतं आणि सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणाला, असं बोलू नको गेलेल्या माणसाला. मी म्हटलं, बोलणार, आणि आता थळात कुणी विचारलं की तो आवाज गाडीच्या जन्माचा होता का, तर सांगायचं, बुशाचा होता, आणि ताईनं कॉलेजात असतानाच सांगितला होता. तांडेलांपैकी कुणी हयात असेल तर त्याला घरी जाऊन सांगायचं. तो हसला, पण सांगेन म्हणाला. मग त्यानं विचारलं, "दोन्ही बुश नवीन टाकलीस ना? जोडीतला एकच बदलायचा नाय, बाबा बोलायचा." मी हो म्हणाले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा इथं खरं लिहायला हरकत नाही. मी खोटं बोलले. डावं झाल्यावर मी उजवा शॉकअप खोलला, तिथंही तुझंच बुश होतं, तीच तिरकी खाच. मी छिन्नी आणि हातोडा घेऊनच बसले होते. काढण्याआधी म्हटलं, बघू तरी किती ढिलं आहे. पाइपाला तेलाचं बोट लावून आत सोडला, आणि तो आपल्याच वजनानं, सावकाश, कुठं न हलता तळाशी गेला. चार वेळा केलं. मुद्दाम वाकडा धरून केलं. पहिलं डावं केलं असशील, सवयीनं. दुसरं करताना चूक ध्यानात आली असणार. मग डावं पुन्हा का केलं नाहीस, ते मला ठाऊक नाही. पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा बर्फाची पेटी, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोरून जायचं. माझा अंदाज तेवढाच आहे, आणि तो तुझ्या बाजूचा नाही. पण लेथवाल्यानं माझ्या देखरेखीखाली केलेलं नवं बुश मी त्याच पाइपावर चढवून पाहिलं, आणि तुझ्या बुशाहून ते काही सरस नव्हतं. नवं बुश खणात ठेवून दिलं. डावीकडचं माझं आहे, उजवीकडचं तुझंच ठेवलंय. चांगलं झालंय ते, बाबा.